लीव्हर-अ‍ॅक्शन रायफल: हरणासाठी घरी काडतुसं भरताना गोळी कोणती घ्यावी?

सागवान

रायफल मार्लिन ३३६, काडतूस .३०-३०, नळी २० इंची, वर छोटी दुर्बीण. शिकार व्हाइटटेल हरणाची. जागा झाडीची, त्यामुळे बहुतेक बार ५० ते १२० यार्डांत, एखाद्या मोकळ्या पट्ट्यात फार तर १८०. प्रेस, डाय, वजनकाटा, कॅलिपर सगळं आहे. अडलंय ते गोळीपाशी. .३०८ इंच व्यासाच्या गोळ्यांनी कॅटलॉगची पानंच्या पानं भरलेली असतात, त्यातली या रायफलला कुठली?

वजनाला १५० ग्रेन की १७०? सपाट तोंडाची की रबरी टोकाची? तांब्याची घेण्यात काही अर्थ आहे का? आणि भरताना लीव्हर रायफलच्या बाबतीत नेमकं काय बिघडतं? बंदुकीच्या दारूचे आकडे काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमध्ये आहेत, ते इथं नकोत.

(अमेरिकेतल्या परवान्याच्या शिकारीबद्दल विचारतोय. भारतात शिकारीला बंदी आहे हे माहीत आहे, त्यावरून धागा भरकटवू नका, ही विनंती.)

पितळखोरा

१५०-१७० चा वाद नंतर. आधी मॅगझिन बघा, निम्म्या गोळ्या तिथंच बाद होतात.

३३६ चं मॅगझिन म्हणजे नळीखाली बसवलेली दुसरी नळी. काडतुसं त्यात आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक उभी. मागच्याच्या गोळीचं टोक पुढच्याच्या बुडाला, म्हणजे बरोबर प्रायमरवर (ठोसा बसला की दारू पेटवणाऱ्या टिकलीवर) टेकलेलं. बार झाला की बंदूक झटक्यात मागे येते, काडतुसांची रांग जागच्या जागी राहू बघते, स्प्रिंग दबते आणि मग सगळी रांग मागे आपटते. दर बाराला हेच. टोक अणकुचीदार आणि कडक असेल तर ते टोक म्हणजे दुसरी फायरिंग पिनच झाली. म्हणून टोकदार गोळी नको, आणि पूर्ण कवचाची गोल तोंडाचीसुद्धा नको. सपाट तोंडाची चालते. टोकाला मऊ शिसं उघडं असलेली गोल तोंडाची चालते, पण ती याच काडतुसासाठी बनवलेली असावी.

लीव्हर आहे म्हणून सगळ्याच रायफलींना हा नियम लागत नाही. सॅव्हेज ९९ चं मॅगझिन फिरतं, ब्राउनिंग बीएलआरचं पेटीचं, विंचेस्टर १८९५ चंही पेटीचंच. त्यांत टोकदार गोळी बिनघोर. घोळ होतो तो ३३६ आणि विंचेस्टर ९४ सारख्या नळीच्या मॅगझिनवाल्यांत.

एक पळवाट लोक सांगतात: एक काडतूस चेंबरमध्ये, एकच मॅगझिनमध्ये, मग टोकदार भरली तरी चालते. हिशेब बरोबर आहे, कारण मॅगझिनमधल्या एकट्याच्या पुढे कुणाचा प्रायमर नाही. पण अशी काडतुसं एकदा डब्यात पडली की पुढच्या हंगामात कुणाच्या लक्षात राहणार? भरूच नयेत.

प्रायमरचंही याच ओघात. तो पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडापासून ०.००३ ते ०.००५ इंच आत बसला पाहिजे. बोट फिरवलं की खळगा जाणवावा. उंचवटा लागला तर ते काडतूस बाजूला.

रानजाई

पितळखोरा यांनी मॅगझिनची चाळणी लावली. दुसरी चाळणी वेगाची, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची.

.३०८ व्यासाची गोळी .३०-३० मध्येही जाते आणि .३०० विंचेस्टर मॅग्नममध्येही. मॅग्नमसाठीच्या गोळीचं कवच जाड असतं, कारण तिला ३००० फूट/सेकंदाच्या आसपासच्या वेगाने आपटूनही एकसंध राहायचं असतं. तीच गोळी .३०-३० च्या वेगाने बरगडीत शिरली की फुलतच नाही, म्हणजे तिचं तोंड पसरत नाही. पेन्सिलीएवढं भोक पाडून पलीकडे जाते, हरीण लांब पळतं आणि रक्ताचा माग मिळत नाही. म्हणून गोळीच्या डब्यावर किंवा कॅटलॉगमध्ये '.३०-३० साठी' असं लिहिलेलं असेल तीच घ्या.

आकडे बघा. फॅक्टरीचं १५० ग्रेनचं काडतूस नळीच्या तोंडाशी २३९० फूट/सेकंद. १०० यार्डांवर साधारण २०२०, २०० वर १६८०. १७० ग्रेनचं २२००, १९०० आणि १६२०. हे मोजमाप २४ इंची नळीचं आहे. २० इंचीत ५० ते १०० फूट कमी धरा. या जातीच्या मऊ गोळ्यांचं फुलणं १६०० फुटांच्या आसपास मंदावतं. म्हणजे साध्या सपाट गोळीची खरी हद्द दीडशे-पावणेदोनशे यार्ड. तुमचा १८० यार्डांचा बार काठावरचा आहे.

उलट टोकही लक्षात घ्या. १२५-१३० ग्रेनच्या हलक्या सपाट गोळ्या मिळतात, वेगही चांगला येतो. बरगडीत ठीक. पण जवळून खांद्याच्या हाडावर बसली तर आत पोचण्याआधीच तिचे तुकडे होऊ शकतात. हरणासाठी १५० च्या खाली उतरण्याची गरज मला दिसत नाही.

उलटा_चष्मा

१७०. विषय संपला.

सागवान

@रानजाई ताई, ही वेगाची बाजू लक्षातच नव्हती. @उलटा_चष्मा, १७० का ते तरी सांगा.

उलटा_चष्मा

सांगतो. सेक्शनल डेन्सिटी, म्हणजे गोळीच्या जाडीच्या मानाने वजन: १५० ची .२२६, १७० ची .२५६. एकाच बांधणीच्या दोन गोळ्यांत जड गोळी जास्त खोल जाते. हरीण झाडीत नेहमी आडवं उभं राहत नाही. तिरपं असलं की गोळीला छातीतून जास्त अंतर कापावं लागतं. पलीकडून बाहेर पडली तर दोन भोकं, दोन भोकं म्हणजे जमिनीवर जास्त रक्त, म्हणजे माग सोपा. १०० यार्डांच्या आत १५० चा जादा वेग काय कामाचा?

रानजाई

तिरप्या बाराचं पटतं. पण आडव्या उभ्या व्हाइटटेलच्या छातीतून १५० चीही बहुतेक वेळा आरपार जाते. आणि १७० तोंडाशीच मंद. ३३६ च्या नळीत सौम्य भरली तर १५० यार्डांवर ती १७०० च्या खाली असते. माझं मत असं: सगळे बार ८०-१०० च्या आत असतील तर १७०. १५० यार्डांपलीकडे जायची शक्यता असेल तर १५०, किंवा हॉर्नाडीची मऊ टोकाची एफटीएक्स.

दोन्ही थोड्या थोड्या भरून बघा. पुष्कळदा रायफलच पसंती सांगते, एक वजन तिला मानवतं आणि दुसरं नाही.

सागवान

एफटीएक्सचं नाव निघालंच आहे तर तेही सांगा. टोकदार असून नळीच्या मॅगझिनमध्ये कशी चालते? आणि घरी भरून फायदा होतो का?

मापाडी

हॉर्नाडीच्या एफटीएक्सचं टोक मऊ, रबरासारखं आहे. दाबलं की दबतं, सोडलं की पूर्ववत होतं, त्यामुळे प्रायमरला ठोसा बसत नाही. कडक प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्या दिसायला अशाच असतात, त्या चुकूनही भरू नका. नखाने दाबून बघा, फरक लगेच कळतो.

फायदा हवेतला. हॉर्नाडीच्या १५० ग्रेन गोल तोंडाच्या गोळीचा बॅलिस्टिक कोइफिशंट (गोळी हवा किती सहज कापते त्याचा आकडा) .१८६, १७० च्या सपाटचा .१८९, १६० च्या एफटीएक्सचा .३३०. जवळजवळ दुप्पट. कंपनीच्या तक्त्यात १६० ग्रेनचं काडतूस तोंडाशी २४००, १०० वर २१५०, २०० वर १९१६. म्हणजे साधी गोळी जिथं धापा टाकायला लागते तिथं हिच्याकडे अजून दम असतो. १०० यार्डांवर ३ इंच वर लावली की २०० वर जवळपास नेमावरच पडते.

आता दुसरी बाजू. तो २४०० चा आकडा खास दारूचा आहे. तीच दारू लीव्हरएव्होल्यूशन याच नावाने हॉजडन सुट्या डब्यात विकते. दुसरी दारू वापरलीत तर तेवढा वेग मिळेलच असं नाही, आणि २० इंची नळीत तर नाहीच. १२० यार्डांच्या आत साध्या सपाट गोळीत आणि हिच्यात हरणाला काही फरक कळत नाही.

.४५-७० काडतूसवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: ३२५ ग्रेनची एफटीएक्स इतकी लांबुळकी आहे की नेहमीच्या पुंगळीत गोळीच्या कमरेवरच्या खाचेवर बसवली तर काडतूस मॅगझिनला लांब होतं. म्हणून पुंगळी २.१०५ ऐवजी २.०४० इंचांवर कापावी लागते. न कापता गोळी आत ढकलून लांबी जमवली तर खाच पुंगळीत गडप होते आणि क्रिम्प (गोळीवर दाबून घट्ट केलेली पुंगळीची कड) गोळीच्या उतरत्या भागावर येते, म्हणजे असून नसल्यासारखी. आणि कापलेल्या पुंगळ्यांत परत साध्या गोळ्या भरायच्या नाहीत. डबे वेगळे ठेवा, वर ठळक लिहा.

तांबट

तांब्याच्या गोळीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाची गोळी १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंद आहे, तिथं प्रश्नच उरत नाही. बाकी ठिकाणी मर्जीचा मामला. शिशाची गोळी फुलताना बारीक कण मांसात दूरवर पसरतात, तांब्याची तशी तुटत नाही, हा तिचा मोठा गुण. .३०-३० साठी बार्न्सची १५० ग्रेन टीएसएक्स सपाट तोंडाची आहे, हॉर्नाडीची १४० ग्रेन मोनोफ्लेक्स मऊ टोकाची.

तांबं शिशापेक्षा हलकं. घनता शिशाची ११.३, तांब्याची ८.९. म्हणजे त्याच वजनाची गोळी लांब होते. काडतुसाची एकूण लांबी वाढवता येत नाही, तेव्हा जादा लांबी पुंगळीच्या आत जाते आणि दारूची जागा खाते. जागा कमी, दाब जास्त. म्हणून १५० ग्रेनच्या शिशाच्या गोळीचा डेटा १५० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला कधीही लावू नका. त्या गोळीचाच डेटा शोधा.

दुसरं, तांबं फुलायला वेग मागतं. वजनाचा हट्ट सोडा. शिशात १७० घेत असाल तर तांब्यात १४०-१५० घ्या. तुटत नसल्यामुळे हलकी असूनही खोल जाते. आणि अंतर जरा आखडतं ठेवा.

बदलण्याआधी नळीतला जुना तांब्याचा थर सॉल्व्हंटने नीट काढा. गलिच्छ नळीत पहिले दहा बार विखुरले की लोक उगाच गोळीला दोष देतात.

सागवान

निवड बरीच उलगडली. आता भरण्याचं सांगा. बोल्ट रायफलसाठी भरतो तसं भरून चालेल ना?

मापाडी

नाही. तीन ठिकाणी फरक आहे: पुंगळीचं साइझिंग, क्रिम्प आणि एकूण लांबी.

साइझिंग, म्हणजे उडवलेली पुंगळी डायमध्ये दाबून परत मापात आणणं. मानेपुरतं साइझिंग इथं नको. बोल्टचा दांडा काडतूस रेटून बसवतो, लीव्हरमध्ये तेवढा जोर नसतो. पूर्ण साइझिंग करा, पण डाय शेलहोल्डरला (प्रेसमध्ये पुंगळी धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत आंधळेपणाने खाली फिरवू नका. .३०-३० चेंबरमध्ये रिमवर (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर) अडकतं. त्यामुळे खांदा गरजेपेक्षा किती मागे रेटला गेला हे कळतच नाही, काडतूस तरीही बसतं आणि उडतंही. पण दर बाराला पितळ पुढे ताणलं जातं, डाय परत मागे रेटते, असं चालू राहतं. ३३६ आणि ९४ या दोन्ही रायफलींत कुलूप बोल्टच्या मागच्या बाजूला आहे, म्हणून ताण मुळातच थोडा जास्त.

यावर उपाय: उडवलेल्या पुंगळीची मान आणि खांदा मेणबत्तीच्या काजळीने काळा करा. डाय थोडी वरच ठेवून सुरुवात करा आणि एकेक अष्टमांश फेरा खाली घ्या. दर वेळी पुंगळी रायफलमध्ये घालून लीव्हर मिटा. शेवटच्या बोटभर अंतरात जोर लागत असेल तर अजून थोडं. जोर लागेनासा झाला की थांबा आणि डायची रिंग घट्ट करा.

लांबी. पुंगळीची कमाल लांबी २.०३९ इंच, कापायची २.०२९ वर. सगळ्या सारख्या कापा. शिकारीच्या गठ्ठ्यात फरक ०.००३ च्या वर नको. हे अचूकपणाच्या हौसेखातर सांगत नाही. क्रिम्पची डाय एकाच उंचीवर बसवलेली असते. लांब पुंगळीला ती जास्त दाबते, आखूड पुंगळीला स्पर्शही करत नाही.

क्रिम्प. हिच्याशिवाय नळीच्या मॅगझिनसाठी काडतूस भरूच नये. स्प्रिंगचा दाब आणि दर बाराचा ठोसा गोळीला मागे ढकलतो. गोळी पुंगळीत सरकली की दारूची जागा घटते आणि दाब वाढतो. म्हणून कमरेवर खाचांची पट्टी, म्हणजे कॅनल्यूर असलेलीच गोळी घ्या.

गोळी बसवणं आणि क्रिम्प एकाच झटक्यात करू नका. आधी डायचं अंग वर ठेवून सगळ्या गोळ्या बसवा. पुंगळीची कड खाचेच्या वरच्या काठाच्या किंचित खाली यावी. मग गोळी ढकलणारा दांडा पूर्ण वर घ्या, डाय खाली आणा, कड लागली की आणखी अष्टमांश फेरा, बस्स. चांगली रोल क्रिम्प अशी दिसते: कड आत वळून खाचेत बसलेली, नख वरून खाली ओढलं तर अडत नाही, आणि गोळीच्या कवचावर कापल्याची रेघ नाही.

जास्त दाबली तर मानेचं पातळ पितळ जाणार कुठं? ते खांद्याला खाली रेटतं आणि खांद्याखाली बांगडीसारखी बारीक सूज येते. डोळ्याला दिसत नाही. अंगठा आणि तर्जनीत काडतूस धरून फिरवलं की जाणवते. असं काडतूस चेंबरमध्ये अर्ध्यात अडकतं, तेही हरीण समोर असताना.

एकूण लांबी. कमाल २.५५० इंच. लांब झालं तर मॅगझिनमधून कॅरिअरवर (काडतूस चेंबरकडे उचलणाऱ्या पट्टीवर) पूर्ण येत नाही. फार आखूड झालं तर त्यानंतर येणाऱ्या काडतुसाची रिम कॅरिअरच्या फटीत घुसते आणि लीव्हर जाम होते. खाच जिथं आहे तिथं बसवलीत तर लांबी आपोआप जमते, कारण या गोळ्या त्याच हिशेबाने बनवलेल्या असतात.

शंकासुर

ली कंपनीची फॅक्टरी क्रिम्प डाय चालेल का? ती कड वळवत नाही, चार बाजूंनी चिमटते. आणि एक पुंगळी किती वेळा भरावी?

मापाडी

चालेल, आणि नवख्याला तीच सोपी. चिमटा बाजूने बसतो, खांद्यावर दाब येत नाही, पुंगळ्यांच्या लांबीत थोडं उणं-अधिक असलं तरी निभावतं. पण म्हणून कापणं सोडू नका.

किती वेळा याला एक आकडा नाही, डाय कशी लावलीत त्यावर आहे. पेपरक्लिप सरळ करून तिच्या टोकाला छोटा आकडा वळवा. पुंगळीत घालून बुडापासून वर आतल्या भिंतीवरून ओढा. बुडाच्या थोडं वर आकडा खड्ड्यात अडकल्यासारखा वाटला तर तिथं पितळ झिजलंय, पुढच्या बाराला तिथूनच दोन तुकडे होतील. बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसतं. अशी एक सापडली तर तेवढ्याच वेळा भरलेल्या बाकी सगळ्या तपासा. मानेला तडा गेलेली पुंगळी सरळ भंगारात.

पितळखोरा

मापाडींच्या पोस्टला एक जोड. शिकारीची काडतुसं भरण्याआधी चार नकली बनवा: प्रायमर नाही, दारू नाही, फक्त पुंगळी, गोळी आणि क्रिम्प. कॅलिपरने मोजून लांबी मार्करने पुंगळीवर लिहा. मॅगझिनमध्ये घाला आणि लीव्हर शिकारीच्या जोराने चालवून सगळी बाहेर काढा. परत मोजा. लांबी ०.००५ पेक्षा जास्त घटली असेल तर क्रिम्प किंवा मानेची पकड कमी आहे. मानेची पकड कमी असण्याचं कारण बहुतेक वेळा साइझिंग डायमधला, मान आतून रुंद करणारा एक्सपांडर गोळा. कॅलिपरने मोजा: साइझ झालेल्या मानेचं आतलं माप गोळीपेक्षा ०.००२-०.००३ ने लहान हवं. नसेल तर कितीही क्रिम्प करा, गोळी हलणारच.

खरी काडतुसं झाल्यावर हाच प्रयोग नेमबाजीच्या मैदानावर. एक चेंबरमध्ये, दोन मॅगझिनमध्ये. पहिलं उडवा, शेवटचं न उडवता काढून मोजा.

ओतारी

ओतीव, म्हणजे घरी साच्यात ओतलेल्या शिशाच्या गोळीचा कुणी उच्चार केला नाही! .३०-३० इतकी ओतीव गोळीला मानवणारी रायफल कमी असते.

हरणासाठी लायमनचा ३११०४१ साचा प्रसिद्ध आहे. सपाट तोंड, बुडाला गॅस चेक (धातूची छोटी टोपी), वजन सुमारे १७३ ग्रेन. १८०० ते २००० फूट/सेकंदांत भरा. ओतीव गोळी कवचवाल्या गोळीसारखी आळिंबी होऊन फुलेल अशी अपेक्षा ठेवू नका. काम करतं ते रुंद सपाट तोंड. म्हणून गोल तोंडाचा साचा घेऊ नये.

धातू फार कडक नको. टाइप छपाईच्या धातूसारखा कडक असेल तर गोळी हाडावर तडकते. जुन्या चाकांच्या वजनांचं शिसं आणि थोडं मऊ शिसं, हे मिश्रण गॅस चेकसह चालतं.

मार्लिनवाल्यांचं दुखणं वेगळं. कंपनीने १९५० च्या दशकापासून मायक्रो-ग्रूव्ह आटे (नळीतल्या पिळाच्या खाचा) दिले, संख्येने जास्त पण उथळ. कवचवाल्या गोळीला उत्तम. ओतीव गोळी मात्र .३०९ ला साइझ केली तर आट्यांवरून घसरते, नळीत शिसं साचतं आणि लक्ष्यावर भोकं लांबट पडतात. नळीतून मऊ शिशाची पट्टी ठोकून खरा व्यास मोजा आणि गोळी त्याहून ०.००१ ते ०.००२ जाड ठेवा. बहुतेक ३३६ ना .३१० किंवा .३११ लागते. भरल्यावर चेंबरमध्ये सैल बसते का ते बघा, जाड गोळीने मानही फुगते.

पुंगळीचं तोंड आधी किंचित रुंद करायला विसरू नका. नाहीतर धारदार कड गोळीचं अंग तासते आणि आत गॅस चेक तिरका होतो. तोंडाशी शिशाची कुरळी साल दिसली की समजा, रुंदी कमी पडली.

सागवान

ओतीव पुढच्या वर्षी. दारूचे आकडे नको म्हणालो होतो, पण दारूच्या जातीबद्दल बोलायला हरकत नाही.

मापाडी

आयएमआर ३०३१ आणि ४८९५, एच३३५, डब्ल्यू७४८, रीलोडर ७ यांचा डेटा बहुतेक मॅन्युअलमध्ये सापडतो. ३०३१ चे दाणे लांब काडीचे, ते मापयंत्राच्या तोंडात आडवे अडकतात. एका पुंगळीत कमी पडते आणि पुढचीत जास्त. तेव्हा ३०३१ प्रत्येक वेळी काट्यावर तोला. गोल दाण्याची, म्हणजे एच३३५ किंवा डब्ल्यू७४८, मापयंत्रातून पाण्यासारखी वाहते. काहीही असो, गोळ्या बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चने आत बघा. दारूची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे.

सुरुवात मॅन्युअलच्या किमान आकड्यापासून, वाढ अर्ध्या ग्रेनने. .३०-३० ची दाबाची मर्यादा ४२,००० पीएसआय आहे. इथं प्रायमर चपटा होण्याची वाट बघत बसू नका. तो चपटा दिसेपर्यंत तुम्ही मर्यादेच्या फार पुढे गेलेले असता. लीव्हर उघडताना पुंगळी चिकटली तर ती आधीच उशिराची सूचना आहे.

आणि पुंगळ्या एकाच कंपनीच्या शिक्क्याच्या ठेवा. कंपनीगणिक पितळाची जाडी बदलते, म्हणजे आतली जागाही बदलते.

झाडीतला

.३०-३० सोडून बाकीच्या लीव्हर रायफलींचंही कुणी थोडक्यात लिहाल का? .३५ रेमिंग्टन, .४४ मॅग्नम?

रानजाई

.३५ रेमिंग्टन: २०० ग्रेन गोल तोंडाची, झाडीतल्या हरणाला अगदी जमून येते. व्यास .३५८, म्हणून लोक पिस्तुलाच्या .३५७ मॅग्नमच्या १५८ ग्रेन गोळ्या भरतात. लक्ष्यावर सरावासाठी सौम्य भरून ठीक. हरणावर पूर्ण वेगाने नको, त्या त्या वेगासाठी नाहीत आणि वरच्यावर फुटतात.

.४४ मॅग्नम: २४० ग्रेन मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाची, १०० यार्डांच्या आत. जुन्या मार्लिन १८९४ ची .४४ ची नळी ३८ इंचांत एक पीळ देते, फार जड आणि लांब गोळ्या तिच्यात स्थिर होत नाहीत. ३०० ग्रेनच्या मागे लागण्याआधी कागदावर बघा.

.४५-७०: मॅन्युअलमध्ये तीन वेगवेगळे तक्ते असतात: जुन्या ट्रॅपडोअर रायफलींसाठी, मार्लिनसारख्या लीव्हरसाठी आणि रुगर नंबर वन रायफलसाठी. तिसरा तक्ता लीव्हर रायफलला लावला तर बंदूकही जाईल आणि हातही. हरणाला ३०० ग्रेन पुष्कळ.

राज्याचे नियम स्वतंत्र वाचा. ओहायोत हरणासाठी रायफलमध्ये सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसंच चालतात. तिथं .४५-७० चालते, बाटलीच्या आकाराची .३०-३० नाही.

उलटा_चष्मा

एवढं सगळं वाचून मी अजून १७० वरच आहे.

सागवान

:) मी १५० आणि १७० दोन्हींचा एकेक डबा घेतो, सपाट तोंडाचे. तपासायचं कसं? कागदावर किती इंच पुरे?

रानजाई

थंड नळीतून तीन-तीन बार, मध्ये नळी गार होऊ द्या. १०० यार्डांवर तीन इंचांत तीन भोकं म्हणजे हरणाला पुरेसं. दोन इंच आली तर उत्तम. पाच-दहा बार सलग मारून गट मोजू नका. ३३६ ची नळी बारीक, त्यात मॅगझिनची नळी पट्ट्याने तिला बांधलेली. तापली की नेम वर सरकतो. शिकारीत कामाचा तो पहिला बार.

१५० ला १०० यार्डांवर शून्य लावलंत, म्हणजे तिथं ती बरोबर नेमावर पडेल असं केलंत, तर २०० वर ती सुमारे ७-८ इंच खाली पडते, १७० जवळपास ९. १०० वर दोन इंच वर लावा, १५० यार्डांपर्यंत नेम बदलावा लागणार नाही. मग १२५, १५० आणि १८० यार्डांवर खरोखर मारून बघा. पडताळा घेतल्याशिवाय तक्त्यावर विसंबू नये.

फुलते का हे बघायचं असेल तर पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन एकामागे एक ओळीत, आणि अंतर खरं ठेवा. २० यार्डांवर सगळ्याच गोळ्या सुंदर फुलतात. १५० यार्डांवर मारलेली गोळी उचलून बघा. व्यास दीडपट झाला असेल आणि वजन निम्म्याहून बरंच जास्त उरलं असेल तर काम झालं.

पितळखोरा

एक राहिलं. हंगामात रोज सकाळी भरायचं आणि संध्याकाळी लीव्हर चालवून काढायचं असं चालतं. तेच काडतूस रोज चेंबरमध्ये जातं, रोज मॅगझिनच्या तोंडाशी आपटतं. आठवड्याभरात त्याच्या टोकाचं शिसं चेपतं आणि गोळी आत सरकू शकते. अशा काडतुसावर मार्करने टिंब करा, दर दोन दिवसांनी लांबी मोजा, घटली असेल तर ते मैदानावर उडवू नका. पुलरने गोळी काढा, दारू टाका, पुंगळी परत वापरा.

सागवान

गोळी काढताना प्रायमर पुंगळीतच राहिला तर चालेल?

पितळखोरा

चालेल. पुढच्या वेळी साइझिंग डायमधला प्रायमर काढणारा खिळा आधी काढून ठेवा, मग मान साइझ करा. जिवंत प्रायमर खिळ्याने ढकलून बाहेर काढायचा नाही.